कोरं लोखंड

आरती झाली, खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले, आणि मग कुंडलिकनं विचारलं, "आबा, आमची मोटार उद्या दुपारपर्यंत हुईल न्हवं?"

तेवढ्या एका प्रश्नानं खंडेनवमीचा सण दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेला.

सोलापूरच्या साखर पेठेतलं 'श्री कमलाभवानी मोटार रिवायंडिंग वर्क्स' त्या दिवशी आरशासारखं लख्ख होतं. पकडी, छिन्न्या, हातोडे, तार गुंडाळायचे लाकडी फर्मे अशी सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. मधोमध आबांची, म्हणजे दुकानाचे धनी महिपतींची, वही होती. तिच्यावर झेंडूचं फूल. आणि पाटाच्या डाव्या अंगाला, धुऊन पुसून, खडकेवाडीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार बसवली होती. तिच्याही कपाळाला कुंकू होतं.

महिपती पुढं वाकले. मोटारीचं झाकण काढलेलं होतं. आत बघितलं, तर छत्तीसच्या छत्तीस खाचा रिकाम्या. तांब्याची एक तार न्हाई, जळक्या कागदाचा एक कपटा न्हाई. नुसतं कोरं लोखंड. दुकानातला कामगार गुरुलिंग, त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून ते चमकवलं होतं.

"हिंदुराव," ते म्हणाले, "वेढे वहीत लिवलेस ना?"

थोरला मुलगा समईत तेल घालत होता. त्याचा हात थांबला. "मी? आबा, आतलं काढायला गुरुलिंगला तुमी सांगितलंत. मला वाटलं, तुमी मोजलंय."

महिपती सरळ झाले. सदुसष्ट वर्षांची पाठ, पण ती एवढ्या सावकाश सरळ होताना घरच्यांनी पूर्वी कधी बघितली नव्हती.

या दुकानाचा एकच नियम होता, आणि तो त्यांचाच होता. आधी मोजायचं, मग तोडायचं. जळालेली मोटार आली की एकेका कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा नंबर बघायचा, सगळं वहीत उतरवायचं आणि मगच छिन्नी लावायची. कारण नवी गुंडाळी भरायची ती जुनीची नक्कल करून. जुनी गेली की नक्कल कशाची करणार? अष्टमीच्या दुपारी सणाच्या गडबडीत ते गुरुलिंगला एवढंच बोलले होते, की जळकं पूजेत बसवायचं न्हाई, आतलं काढून टाक. गुरुलिंगनं काढलं. आबा सांगतायत म्हणजे आबांनी मोजलंच असणार, असं त्याला वाटलं. हिंदुरावलाही तेच वाटलं. बावीस वर्षांत आबा कधी चुकले नव्हते, म्हणून कुणी विचारलंच नाही.

गुरुलिंग पायात चप्पल न घालताच भंगारवाल्याकडं पळाला. अर्ध्या तासानं परत आला तो मान खाली घालून. तांब्याचं पोतं कालच दुसऱ्या मालात मिसळून भट्टीला गेलं होतं. गुरुलिंग अक्कलकोटकडचा, घाबरला की त्याला मराठी सुचायचं नाही. दारातच उभं राहून कानडीत काहीतरी पुटपुटला आणि कपाळावर हात मारला.

"त्याच्यावर कुणी डाफरू नका," महिपती म्हणाले. "चूक माझी हाय. मी न मोजता तोडायला लावलं."

त्यांना स्वतःची चूक कबूल करताना ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

कुंडलिकचा चेहरा उतरला होता. थोरला भाऊ वडलांच्या मागं सोलापूरला आला तेव्हा हा धाकटा करमाळ्याकडं मातीतच राहिला होता. यंदा पाऊस झालाच नव्हता. खडकेवाडीच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या. एका शाळेजवळच्या विहिरीला तेवढं पाणी, तेही पन्नास हात खोल, आणि ते वर आणणारी ही एकच मोटार. ती जळाल्यावर बाया पोहरा सोडून तासाला दोन घागरी काढत होत्या. दसऱ्याच्या संध्याकाळी नळाला पाणी सोडतो, असा शब्द तो चावडीवर देऊन आला होता. माझा बाप मोटारीचा डाक्टर हाय, असंही म्हणाला होता.

"म्हंजी आता?" त्यानं विचारलं.

उत्तर सारजाबाईंनी दिलं. त्या महिपतींच्या थोरल्या बहीण. या घरात त्यांना एकेरीत हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. "आता काय? कालिजात जाणारी हाय की घरात. तीन वर्सं इजेचंच शिकतीया म्हनं. लावा की तिला कामाला."

ते कौतुक नव्हतं, टोमणा होता, आणि सगळ्यांना तो कळला. कारण सारजाबाई आल्या होत्या त्या हिंदुरावच्या मुलीच्या, विजयमालेच्या लग्नाचं घेऊन. माढ्याचं स्थळ होतं. जमीन बरी, मुलगा एकुलता. पण मुलीचं पॉलिटेक्निक दसऱ्यापासून बंद व्हावं, अशी मुलाकडच्यांची अट होती. चाळीस पोरांत एक पोरगी बसते, हे त्यांना पसंत नव्हतं. उद्या सोनं वाटताना हो किंवा नाही सांगायचं होतं. हिंदुराव अर्धा वळला होता. कुंडलिक तर पुराच आत्याच्या बाजूला होता, गावात लोक विचारतात म्हणून. विजयमालेची आई शकुंतला काही बोलली नव्हती. आणि महिपतींनी दोन दिवस, बघू, एवढंच म्हणून चालढकल केली होती.

हिंदुरावचा राग वेगळा होता. मुलगी शिकते याचा नव्हे, जे शिकते त्याचा. तीन वर्षांत कॉलेजनं तिच्या हातात एक मोटार भरायला दिली नव्हती. पहिलं वर्ष तर एकाच समीकरणात गेलं. ते कुठून आलं, का आलं, हे दहा-दहा वेळा लिहून काढायला लावायचे तिचे सर. "माझा गुरुलिंग चौथी नापास," हिंदुराव एकदा म्हणाला होता, "पण दिवसाला एक मोटार भरतो. अन् ही बाईसाहेब कागदावर वीज पळवती."

आरतीचं ताट हातात धरून विजयमाला उभी होती. एकोणीस वर्षांची, आजोबांसारखंच रुंद कपाळ. टोमणा ऐकूनही ती हलली नव्हती. ती मोटारीच्या आत बघत होती, आणि महिपती तिच्याकडं बघत होते.

"वही उघडू," हिंदुराव म्हणाला. "साडेसातच्या शंभर मोटारी भरल्यात आपण. त्यातला आकडा घेऊ."

"पूजेतली वही?" सारजाबाई ताडकन म्हणाल्या. "आज न्हाई उघडायची. दसऱ्याला पूजा हलवली की मग. आन् हत्याराला तर हातच लावू नगंस. पन्नास वर्सांत कुणी लावला न्हाई ह्या घरात."

महिपती पाटापाशी गेले. वही काळ्या पुठ्ठ्याची, कोपरे तेलानं मऊ पडलेले. या वहीच्या आधी त्यांच्याकडं सुतळ्या होत्या. गिरणीत हमाल म्हणून लागले, तिथल्या विरुपाक्ष मिस्त्रींच्या हाताखाली मोटारी उचलू लागले, तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. मिस्त्री वेढे मोजताना पाठ फिरवून बसायचे. आकडा म्हणजे त्यांची इस्टेट होती. महिपती मागं उभं राहून तारेचा आवाज ऐकायचे आणि खिशात हात घालून, एका वेढ्याला एक, अशा सुतळीला गाठी मारायचे. खोलीत खिळ्याला पस्तीस सुतळ्या टांगलेल्या असायच्या. एक सुतळी म्हणजे एक मोटार. एकदा उंदरांनी सात मोटारी खाल्ल्या.

अक्षर आलं ते सेहेचाळिसाव्या वर्षी, सुनेमुळं. नवी नवरी शकुंतला चौथी शिकलेली. सासऱ्यांशी समोर बोलायची रीत नव्हती. ती स्वयंपाकघरात बसून पाटीवर आकडा काढायची आणि पाटी उंबऱ्यावरून बाहेर सरकवायची. महिपती बाहेर बसून गिरवायचे आणि पाटी आत सरकवायचे. चूक असली तर पाटी पुसून परत यायची. बरोबर असली तर पाटीवर भाकरीचा तुकडा ठेवून यायची. सहा महिन्यांत त्या दोघांत एक शब्दही झाला नाही, आणि महिपती लिहायला शिकले. सुतळ्यांच्या गाठी त्यांनी एकेक करून वहीत उतरवल्या, आणि सुतळ्या सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून आले.

ते सगळं त्या काळ्या पुठ्ठ्यात होतं. त्यांनी हात जोडले. फूल उचलून बाजूला ठेवलं.

"महिपती," सारजाबाई म्हणाल्या.

"अक्का, तितं बाया पन्नास हातावरनं पानी वडत्यात. देवीला तहान कळती." त्यांनी वही उचलली आणि कुंकू न पुसताच उघडली.

बाप आणि लेक दोघांनी मिळून पानं चाळली. साडेसात हॉर्सपॉवर, छत्तीस खाचा, मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे. अशा मोटारी खूप होत्या. मोहोळची, वेढे चव्वेचाळीस. बार्शीची, छप्पन्न. अक्कलकोटची, अडतीस. मंगळवेढ्याची, बासष्ट. महिपतींचं बोट आकड्यांवरून खाली सरकत गेलं आणि पानाच्या तळाशी थांबलं. यातले बहुतेक आकडे त्यांनी स्वतः लिहिले होते. पण एका खाली एक असे कधी वाचले नव्हते. ताकद तीच, खाचा त्याच, फेरे तेच. मग वेढे वेगळे का?

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. पडायची गरजच आली नव्हती. समोर जुनी गुंडाळी असायची. ती मोजली की झालं.

"चव्वेचाळीस घेऊ," हिंदुराव म्हणाला. "मोहोळच्या मोटारीचं तोंड जरा हिच्यासारखंच हाय."

"तोंडावरनं नका घेऊ, अण्णा," विजयमाला पहिल्यांदा बोलली. "कमी पडले तर जळंल."

"तुला काय ठाऊक, जळंल का न्हाई?"

"लोखंड आखूड हाय." तिनं ताट खाली ठेवलं. "वेढे किती हे ताकदीवर न्हाई ठरत नुसतं. आतलं लोखंड केवढं, त्याला किती सोसतं, त्यावर ठरतं. वेढे कमी घातले की सगळा भार लोखंडावर येतो. ते तापतं, मग तार जळती. जास्त घातले तर मोटार दमती, पाणी वर येत न्हाई. लोखंड मोजलं तर वेढे काढता येतील."

"काढता येतील म्हंजी?" कुंडलिकनं विचारलं. "जुनी गुंडाळी न बघता?"

"ज्यानं पहिली मोटार केली, त्याच्यापुढं कुठं जुनी गुंडाळी होती, काका?"

हिंदुराव हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. म्हणाला, गावाच्या पाण्यावर पोरीची परीक्षा घ्यायची का आता? चुकली तर दुसऱ्यांदा जळंल, आणि नाव आबांचं जाईल. कुंडलिकनं मान हलवली. सारजाबाईंनीही हलवली. तिघं एका बाजूला झाले. शकुंतला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ती पदर सारखा करून म्हणाली, "मामंजी, तिची परीक्षाच घ्यायची तर आधी दुसऱ्या मोटारीवर घ्या. जिचं उत्तर तुमाला ठाऊक हाय."

सून सासऱ्यांशी सगळ्यांसमोर बोलली, ही त्या दिवसातली दुसरी नवलाची गोष्ट.

कोपऱ्यात मोहोळची मोटार होती. चार दिवसांपूर्वी भरून झालेली, कॉइली दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या, फक्त आत फिरणारा रोटर बसवायचा राहिलेला. तिचा आकडा हिंदुरावनं आत्ताच तोंडानं सांगितला होता. महिपतींनी ती बाजूला सारली. तिच्यामागं नान्नजची पाच हॉर्सपॉवरची होती, तीही तशीच अर्धी. तिचे वेढे दोघांच्याच ध्यानात होते, गुरुलिंगच्या आणि वहीच्या. महिपतींनी वही मिटून छातीशी धरली, अगदी विरुपाक्ष मिस्त्री धरायचे तशी, आणि गुरुलिंगला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"सांग," ते म्हणाले.

विजयमालेनं पोलादी पट्टी घेतली. आतल्या भोकाची रुंदी मोजली, लोखंडाची लांबी मोजली, खाचा मोजल्या. कॉइलींना बोटसुद्धा लावलं नाही. मग पिशवीतून आकडेमोडीची लॉगची पुस्तिका काढली आणि पूजेच्या रांगोळीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. कागदावर तिनं पहिल्यांदा ते समीकरण लिहिलं, वर्षभर दहा-दहा वेळा लिहिलेलं. मग एकेक आकडा त्यात बसवत गेली. मध्येच एक ओळ खोडली. हिंदुरावनं घसा खाकरला. तिनं वर बघितलं नाही.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. सगळे उभे होते. सारजाबाईसुद्धा बसायचं विसरल्या होत्या.

"सत्तर," ती म्हणाली. "एकोणसत्तर आणि सत्तरच्या मधी येतंय."

महिपतींनी वही उघडली. पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं. नान्नज, पाच हॉर्सपॉवर, वेढे अडुसष्ट.

त्यांनी वही हिंदुरावच्या हातात दिली.

"दोन चुकली," हिंदुराव म्हणाला. पण आवाजातला मघाचा काटा गेला होता. तो पानाकडं बघतच राहिला.

"लोखंडाला किती सोसतं तो आकडा मी पुस्तकातला धरला," विजयमाला म्हणाली. "कंपनीनं जरा जास्त धरला असणार. एवढा फरक पडतो."

गुरुलिंगनं पुढं होऊन मोटारीभोवती एक फेरी मारली. जणू तिनं कुठून तरी आत डोकावून बघितलं असेल, अशी जागा तो शोधत होता. ती सापडली नाही. तेव्हा त्यानं विजयमालेकडं बघून मान डोलावली आणि म्हणाला, "हौदु." म्हणजे, खरं.

महिपतींच्या मनात काय चाललं होतं ते सांगणं सोपं नाही. त्यांना वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. पस्तीस सुतळ्या, सेहेचाळिसाव्या वर्षी गिरवलेली पाटी, बावीस वर्षांची वही, आणि एक पोरगी पट्टी घेऊन येते आणि पाव तासात तिथंच पोचते. पण वाईट वाटेना. छाती भरून आली होती, ती अभिमानानं. विरुपाक्ष मिस्त्रींनी पाठ फिरवून जे लपवलं, ते मिस्त्रींच्याही पलीकडचं काहीतरी या पोरीच्या कागदावर उघडं पडलं होतं. मिस्त्रींना आकडा ठाऊक होता. महिपतींनाही आकडाच ठाऊक होता. कारण दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"आता आपली मोज," ते म्हणाले.

खडकेवाडीच्या मोटारीचं लोखंड तिनं दोनदा मोजलं. या वेळी हिंदुराव पट्टीचं दुसरं टोक धरायला खाली बसला. न सांगता बसला. हिशोबात एक्कावन्न आलं.

"एक्कावन्न," महिपती पुटपुटले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "विजू, तितली वीज मरतुकडी हाय. गावाच्या टोकाला हाय ना विहीर. दिवं लागनीला बलब नुसता लाल दिसतो. त्यानं काय फरक पडतो का तुझ्या कागदावर?"

ती दचकून त्यांच्याकडं बघू लागली. "पडतो, आबा. विजेचा दाब कमी असंल तर वेढे थोडे कमीच पाहिजेत. न्हाईतर मोटार दमंल. हे मला ठाऊकच नव्हतं, गावची वीज कशी हाय ते." तिनं एक आकडा खोडला. "पन्नास. त्याहून खाली न्हाई जायचं."

पन्नास. हा आकडा वहीत कुठंच नव्हता.

मग सणाचं जे व्हायचं ते झालं. महिपतींनी पाटावरची हत्यारं एकेक करून, पाया पडून, उचलली आणि ज्याची त्याला दिली. सारजाबाईंनी तोंड फिरवलं, पण थोड्या वेळानं त्याच आतून चहा घेऊन आल्या. विजयमालेचा हात तारेवर बसलेला नव्हता. तिनं गुंडाळलेली पहिली कॉइल हिंदुरावनं सोडून टाकली आणि तिला नीट दाखवलं, तार ओढायची नाही, चालू द्यायची. दुसरीही सोडली. तिसरी ठेवली. गुरुलिंग खाचांत कागद घालत गेला, हिंदुराव कॉइली बसवत गेला, आणि महिपती फक्त मोजत होते. या वेळी मोठ्यानं. दिवस मावळेपर्यंत छत्तीसही खाचा भरल्या.

दसऱ्याच्या सकाळी जोडण्या झाल्या. महिपतींनी एका मोडक्या बेअरिंगमधली पोलादी गोळी काढली, मोटारीच्या रिकाम्या पोटात ठेवली आणि थोडी वीज सोडायला सांगितलं. ही मिस्त्रींची युक्ती होती. कॉइली उलटसुलट जोडल्या गेल्या तर गोळी जागीच थरथरते. सगळे वाकून बघत होते. गोळी क्षणभर अडली, मग हलली, मग लोखंडाच्या कडेकडेनं गोल धावू लागली. अशी धावली, की कुंडलिकच्या तोंडून "आयला" निघालं आणि त्यानं जीभ चावली.

"ती का पळती, सांगू का आबा?" विजयमालेनं विचारलं.

"नंतर," महिपती म्हणाले. "ते समदं नंतर सांगायचं हाय तुला."

वॉर्निश उन्हात वाळवून, रोटर बसवून, मोटार अंगणात तासभर चालवली. महिपतींनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. दुभत्या गाईच्या पाठीएवढी ऊब होती. त्याहून जास्त नाही.

दुपारी कुंडलिक मोटार ट्रकवर चढवून निघाला. निघताना त्यानं पुतणीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. खरं तर सोनं संध्याकाळी द्यायचं. मग आत्याकडं वळून म्हणाला, "आत्ती, माढ्याच्या पोराला किती हॉर्सपॉवरची मोटार हाय गं विहिरीवर?"

"का रं?"

"जळली तर हिकडंच आणावी लागंल. नातं नगं मधी. फुकट करावी लागती."

सारजाबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्या महिपतींकडं बघत होत्या. पण बोलला हिंदुराव.

"आत्ती, त्यांना सांग, पोरगी परीक्षा होईपर्यंत मोकळी न्हाई. आन् नंतरचं नंतर. तिला इचारून."

"मी सांगू?" त्या म्हणाल्या. "शब्द माझा गेलाय तितं."

"तूच सांग. आन् कालची नान्नजची मोटारपण सांग."

सारजाबाईंनी पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "सत्तर म्हनली ती. अडुसष्ट निघाले. तेवढं मी न्हाई सांगनार. बरोबर आलं म्हनून सांगीन."

विजयमालेनं वाकून त्यांना नमस्कार केला. शकुंतला केव्हाच आत निघून गेली होती. आतून फक्त भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा जास्त.

वही मात्र महिपतींनी त्या दिवशी उघडली नाही. हा आकडा जुन्या गुंडाळीचा नव्हता; मोटार गावात चालल्याशिवाय तो वहीत चढवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. हिंदुरावनं वाचून दाखवायला हात पुढं केला, तर त्यांनी कार्ड दिलं नाही. चष्मा लावला, खुर्ची उजेडात ओढली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतः मोठ्यानं वाचलं.

"ती-र्थ-रूप आबांस. पाणी आले. दसऱ्यास रात्री आठापर्यंत नळ चालला. रोज सहा तास चालते. अंग कोमट असते. सारा गाव विचारतो, कोणी भरली. मी सांगतो, माझ्या पुतणीने."

शेवटचा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

मग काळी वही पुढ्यात घेतली. झेंडूच्या फुलाचा डाग अजून पुठ्ठ्यावर होता. नवं पान उघडून ते आपल्या मोठ्या, एका बाजूला कललेल्या अक्षरात लिहू लागले. गाव, खडकेवाडी. ताकद, साडेसात. खाचा, छत्तीस. वेढे, पन्नास. तार, अठरा नंबर. रकाने संपले. पुढं पानाला बोटभर कोरी कड उरली होती.

"विजू," त्यांनी हाक मारली. "पट्टी घिऊन ये. आन् हितं एक रेघ मार, वरपासनं खालपर्यंत."

तिनं रेघ मारली. महिपतींनी टाक शाईत बुडवला आणि नव्या रकान्याच्या डोक्यावर एकच अक्षर लिहिलं. का.

शकुंतला उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिनं ते अक्षर लांबूनच बघितलं. काना जरा वाकडा होता. तिनं तो पुसायला सांगितला नाही.

"आता सांग," महिपती नातीला म्हणाले. "पन्नासच का?"

ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि सांगू लागली. लोखंडापासून सुरुवात केली. बोलता बोलता तिचे हात हलू लागले, आवाज वाढला, एकातून दुसरं निघत गेलं.

"दमानं," म्हातारा म्हणाला. त्याची नजर कागदावरून हलली नव्हती. "मला लिवायला येळ लागतो."